गावाचा भाचा

बाजाराच्या गावात प्लास्टिकवर फलक छापून देणारं मशीन आलं आणि इकडे पेंटरच्या पोटावर पाय आला.

सुरुवात न्हाव्यानं केली. पेंटरनं त्याच्या दुकानावर वस्तरा आणि कंगवा असा काही काढला होता, की गिऱ्हाईक रस्त्यातूनच मान पुढे करून यायचं. त्या पाटीवरच न्हाव्यानं प्लास्टिक ठोकलं. ठोकायला शिडी हवी म्हणून पेंटरकडूनच मागून नेली. पेंटरनं दिली, आणि खाली उभं राहून "खिळा तिरका जातोय" असंही सांगितलं. मग किराणावाल्यानं पाटी बदलली, मग सायकलवाल्यानं. शिडी तीच.

उन्हाळा म्हणजे भिंती रंगवायचा हंगाम. भिंत कोरडी, रंग लगेच धरतो, शेतात काम नसल्यामुळे बघायला माणसंही भरपूर. पण यंदा पेंटरचे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात लोणच्यासारखे मुरत पडले होते, आणि पेंटर ओट्यावर बसून मान खालीवर करत होता. जन्मभर शिडीवरून वर बघून त्याची मान आखडली होती. डॉक्टर म्हणाला होता, "थोडे दिवस खाली बघून चाला." पेंटरीण म्हणाली, "धंदा बसल्यापासून तेच चाललंय."

घरात माणसं तीन. थोरल्या दोघी लग्न होऊन गेलेल्या. तिसरीही मुलगीच झाली तेव्हा पेंटरनं बारशाची वाट न बघता पाळण्यावर तांबड्या रंगाचा टिपका दिला आणि जाहीर केलं, "पूर्णविराम." गावानं त्याची पूर्णा केली. पूर्णा आता मोठी झाली होती. बापानं अक्षराची बाह्यरेघ काढायची आणि आत रंग हिनं भरायचा, अशी वाटणी होती. हात बापापेक्षा स्थिर. तोंड आईवर गेलेलं.

अशात कचेरीत वरून हुकूम आला, की मानवी तस्करीबाबत गावोगावी जनजागृती करावी.

"फलक छापून लावू," अध्यक्ष म्हणाले.

कारकून खाकरला. "साहेब, मागच्या वर्षीचे लक्षात आहेत ना?"

मागच्या वर्षी 'चोरांपासून सावध राहा' असे फलक गावभर लावले होते. ते एका आठवड्यात चोरीला गेले. पुढे एकेक सापडले. एक कोंबड्यांच्या खुराड्यावर, एक कडब्याच्या गंजीवर, आणि सर्वांत मोठा अध्यक्षांच्याच सासुरवाडीत, मोटारसायकलीवर.

"मग भिंतीवर लिहून घ्या," अध्यक्ष म्हणाले. "भिंत कोण नेतंय!"

असा पेंटरचा हंगाम उघडला. कारकुनानं त्याला सकाळभर बाकावर बसवलं, कारण लगेच बोलावलं तर काम सोपं आहे असं वाटतं. मग मजकूर हातात दिला. 'मानवी तस्करी रोखा. सावध राहा. नोकरीच्या आमिषाला बळी पडू नका. अनोळखी माणसावर विसंबू नका. आपली कागदपत्रे कुणाच्या हाती देऊ नका. संशय येताच संपर्क साधा.'

"कुणाशी?" पेंटरनं विचारलं.

"नंबर वरून यायचाय. तेवढी जागा मोकळी सोडा."

पेंटरनं मान डोलावली. खालच्या बाजूला डोलावता येत होती.

आता भाच्याबद्दल सांगायला हवं. हा तरुण थोड्या दिवसांपूर्वी गावात आला आणि पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत राहिला. दूरच्या शहरात बाहुल्यांचा कारखाना आहे, तिथे बाहुल्यांना कपडे शिवायला मुली हव्यात, त्या निवडायला कारखान्यानं पाठवलंय, असं त्याचं म्हणणं. केस चापून बसवलेले, बोलणं मधात बुडवलेलं. आला त्या दिवशी गिरणीवाल्याला म्हणाला, "मामा, खोली मिळेल का?" दुसऱ्या दिवशी न्हाव्याला मामा केलं, तिसऱ्या दिवशी कारकुनाला. आठवड्याभरात त्यानं सगळ्या गावाला मामा बनवलं आणि गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट लोक त्याला कौतुकानं 'भाचा' म्हणू लागले.

पेंटरकडे तो बिस्किटांचा पुडा घेऊन यायचा. चहात बिस्किट बुडवायचा, ते तुटून पडायचं, आणि तो कपात डोकावून हळहळायचा, "अरेरे, गेलं बिचारं." दर वेळी. पेंटरिणीला त्याचं हसू यायचं. "मामी, तुमच्या हातचा चहा म्हणजे!" असं तो म्हणायचा, आणि पेंटरच्या तोंडून उभ्या जन्मात असलं वाक्य बाहेर पडलेलं नसल्यामुळे ती पुन्हा आधण ठेवायची.

पूर्णाचं नाव त्यानं यादीत पहिलं घातलं होतं. तिची शाळेची कागदपत्रं त्यानं स्वतःकडे घेतली. "माझ्याकडे जपून ठेवतो. प्रवासात हरवतात."

"तिकडे फोन करता येईल ना रोज?" पेंटरिणीनं विचारलं.

"कारखान्यात फोन चालत नाहीत, मामी. नाजूक काम. पहिले काही महिने नाहीच."

पेंटरिणीनं रिकामे कप उचलले. पण त्या दिवशी दुसऱ्यांदा आधण ठेवलं नाही.

काम सुरू झालं. ऊन असं, की शिडीच्या पायऱ्या हाताला चटके देत. पेंटर खडूच्या दोरीनं रेघा मारायचा, अक्षरांची अंगं काढायचा, पूर्णा रंग भरायची. आणि शिडी कोण धरायचं? भाचा. आपणहून. 'नोकरीच्या आमिषाला बळी पडू नका' ही ओळ चाललेली असताना तो खालून डोळे बारीक करून म्हणाला,

"मामा, 'ळी'ची वेलांटी जरा आखूड झालीय."

पेंटर शिडीवरून उतरला, मागे सरकून बघितलं, पुन्हा चढला आणि वेलांटी वाढवली. "नजर आहे हं तुला," तो म्हणाला.

"बाबा," पूर्णानं विचारलं, "तस्करी म्हणजे नक्की काय हो?"

"'स्क' अवघड असतो," पेंटर म्हणाला. "जोडाक्षर आहे. त्याला जागा जास्त सोडायची."

पेंटरचं तसंच होतं. हलवाई मिठाई खात नाही तसा पेंटर अक्षरं वाचत नसे. उंची, रुंदी, गोलाई बघायचा. मजकुराशी त्याचं भांडण नव्हतं आणि ओळखही नव्हती.

त्यातूनच ती चूक झाली. जन्मभर त्यानं जी पाटी रंगवली तिच्या तळाशी लिहिलं, 'संपर्क: पेंटर', आणि पुढे आपला फोन नंबर. आता 'संपर्क' हा शब्द आला की डोक्याला विचारायला हात थांबत नसे. पहिल्याच भिंतीवर जागा मोकळी सोडायची होती तिथे हात सुरळीत पुढे गेला आणि पेंटरचा नंबर घालून मोकळा झाला. दुसऱ्या भिंतीवर तेच. नदीअलीकडची गावं झाली, पलीकडची झाली. पूर्णानं नंबरात रंग भरला, भाच्यानं शिडी धरली; नदीपलीकडे जायचं असलं की मात्र त्याला नेमकं दुसरं काम निघायचं. घरचाच नंबर, कुणाला खटकेल!

पेंटरचा फोन घरीच असायचा, स्वयंपाकघरात खिळ्याला पिशवीत टांगलेला. शिडीवर वाजला तर पडायची भीती. त्यामुळे फोन पेंटरीण घ्यायची.

पहिला फोन एका म्हाताऱ्याचा आला. "बाई, ते नोकरीचं आमिष कुठं मिळतंय?"

"कसलं आमिष?"

"भिंतीवर लिहिलंय की. नातवाला पाहिजे. बारावी नापास चालतो का?"

दुसरा फोन एका सासूचा. सुनेनं आपल्या मुलाला फूस लावून वेगळं काढलंय, ही तस्करीच नव्हे काय? पेंटरिणीनं विचारलं, "मुलगा केवढा आहे?" "चाळिशीचा." "मग स्वतःच्या पायानं गेला असेल," पेंटरीण म्हणाली. एकाची शेळी हरवली होती. एकाला विचारायचं होतं, की तस्करी लस टोचल्यानं थांबते का.

दोन दिवसांनी पेंटरिणीच्या ध्यानात प्रकार आला. तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, भिंतीवर नंबर कुणाचा घातलात?"

पेंटर जेवत होता. घास तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "मोकळी जागा सोडायची होती," तो म्हणाला.

"सोडलीत?"

"सोडणारच होतो."

"कारकून सोलून काढील तुम्हाला."

"नंबर येऊ दे वरून. मग पुसून घालतो. तोवर तू... घे फोन. गोड बोल."

पेंटरीण काही गोड बोलली नाही. पण फोन घेत राहिली. हळूहळू तिला गोडीच लागली. समोरचा काय म्हणतोय ते ती पूर्ण ऐकून घ्यायची आणि मग प्रश्न विचारायची. लग्न जमवताना विचारतात तसले: कुठला, कुणाचा, घर बघितलंय का, कोण ओळखतं. गॅसवर दूध उतू जायचं आणि बाईचं चालू असायचं, "ते खरं हो, पण तुम्ही त्याचं घर बघितलंय का?"

पूर्णाच्या जाण्याचा दिवस उद्यावर आला. तिची पिशवी भरून झाली होती. आईनं नवा टॉवेल दिला, तो ती तीन वेळा घडी घालून ठेवून पुन्हा काढत होती. पोरगी खूश होती. गावाबाहेरचं काहीतरी बघायला मिळणार, स्वतःच्या हातानं कमावणार. आईला ती म्हणालीही, "तू अशी काय बघतेस? मी काय लढाईवर चाललेय?"

दुपारी पेंटर कचेरीच्या भिंतीवर होता. ओट्यावर भाचा चहा पीत बसला होता. आत फोन वाजला.

नदीपलीकडून एक बाई बोलत होती. आवाज दबका, शेजारच्यांनी ऐकू नये असा.

"तो भिंतीवरचा नंबर तुमचाच ना? आमची मुलगी गेलीय हो. सुगी झाल्यावर गेली. बाहुल्यांच्या कारखान्यात. फोन नाही, पत्ता दिला तो खोटा निघाला. नवरा म्हणतो गप बस, बोभाटा होईल."

पेंटरिणीच्या हातातली पळी भांड्यातच राहिली. "कुणी नेली?"

"एक मुलगा होता. लाघवी. सगळ्यांना काका, काकू करायचा. आम्ही पुतण्याच म्हणायचो त्याला."

काका, काकू. इथला मामा-मामी म्हणतो. पेंटरिणीला जरा हायसं वाटलं. माणूस आशेला चिकटतो तो असा. तरी सवयीनं तिनं पुढचं विचारलं, "दिसायला कसा? काही खूण?"

"खूण काय सांगू बाई? चारचौघांसारखा. चहा मागून घ्यायचा. बिस्किट बुडवायचा आणि पडलं की म्हणायचा..."

आणि त्याच वेळी ओट्यावरून आवाज आला, "अरेरे, गेलं बिचारं."

फोनमधल्या बाईनंही नेमकं तेच म्हटलं. एक डाव्या कानात, एक उजव्या.

पेंटरिणीनं पदर तोंडाला लावला.  मग अगदी हळू म्हणाली, "ताई, आत्ता बस आहे का तिकडून? मिळेल ती पकडा. कचेरीसमोर उतरा. आणि येताना कुणाला सांगायचंय ते सांगा. बोभाटा आता होऊ दे."

बाहेर येऊन तिनं भाच्याच्या कपात आणखी चहा ओतला. 

"भाचेबुवा, एक काम होतं. मामांची मान पार गेलीय. कचेरीच्या छज्ज्यावरची अक्षरं भरायची राहिलीत. उद्या तू जाणार, पूर्णा जाणार, मग कोण आहे त्यांना?"

"मामी, सांगायला हवं का? आलोच."

तो हातपाय धुवायला गिरणीवर गेला तेवढ्यात पेंटरीण पूर्णाला घेऊन कचेरीवर पोचली. वाटेत तिनं पोरीला सगळं सांगितलं. पूर्णा एकदम थांबली. चेहरा उतरला, मग लाल झाला. "आई, तू मला पाठवायचं नाही म्हणून काहीतरी..."

"तसं असतं तर केव्हाच पाय मोडून घेतला असता. माझाच."

पूर्णा पायाखालची माती बघत चालत राहिली.

पेंटरला सांगितलं तेव्हा त्याचा पहिला उद्गार असा होता: "अगं पण वेलांटी आखूड आहे ती त्यानंच दाखवली! केवढी नजर आहे पोराला!"

"नजर आहेच. पोरींवर आहे," पेंटरीण म्हणाली. "ती भिंत वाचा जरा."

"मीच लिहिलीय."

"म्हणूनच म्हणतेय, वाचा."

पेंटर मागे सरकला. सवयीनं आधी ओळ सरळ आहे का ते पाहिलं. मग, जन्मात पहिल्यांदा, आपलीच पाटी ओठ हलवत वाचली. अनोळखी माणसावर. आपली कागदपत्रे. तो मटकन रंगाच्या डब्यावर बसला. डब्याला झाकण नव्हतं. पण तो मुद्दा त्या वेळी कुणी काढला नाही.

भाचा आला, शीळ घालत शिडी चढला, छज्ज्यावर उभा राहिला. "कुठलं भरू, मामा?"

"'सावध'पासून," पेंटर म्हणाला. 

भाच्यानं 'सा' भरला. बरा भरला. 'व'ला हात घातला तेवढ्यात खालून खरखर आवाज आला. पूर्णा शिडी काढत होती.

"अगं, शिडी कुठं नेतेस?"

"माझे कागद कुठंयत?"

"खोलीत. जपून ठेवलेत."

"मग शिडीपण मी जपून ठेवते," पूर्णा म्हणाली. "तू हरवशील."

छज्जा काही आभाळाएवढा उंच नव्हता. पण बरोबर खाली कचेरी पांढरी करायला चुना भिजवून ठेवलेला हौद होता, आणि तो नुकताच रटरटू लागला होता. भाच्यानं एकदा खाली बघितलं आणि भिंतीला पाठ लावली. ओल्या 'सा'चा काना त्याच्या सदऱ्यावर उमटला.

माणसं जमायला गावाला कधी निरोप लागत नाही. न्हावी आला, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं, गिरणीवाला पिठासकट आला. कारकून खिडकीतून ओरडला, "काय चाललंय? सरकारी भिंत आहे!"

"मामा, बघा ना!" भाचा वरून केविलवाणं म्हणाला. "चेष्टा करतायत. सांगा ना यांना, मामा!"

आणि सगळे मामा चुळबुळले. न्हावी म्हणाला, "वहिनी, पोरगं चांगलं आहे हो. उगाच कशाला?" गिरणीवाला शिडीकडे हात नेऊ लागला. पूर्णानं शिडी घट्ट धरली. पेंटरिणीच्या कपाळावर घाम आला. आपण जे ऐकलं ते म्हणजे एक बिस्किट, दुसरं काय? शिडी परत लागली असती तर संध्याकाळच्या आत भाचा गेला असता, आणि नदीपलीकडच्या मुलीचा माग त्याच्याबरोबर.

तेवढ्यात बस थांबली. धुळीतून एक बाई उतरली, चप्पल हातात, पदर सुटलेला. ती गर्दीतून वाट काढत आली आणि वर बघून ओरडली, "माझी पोर कुठाय रे?"

जसा पेंटरचा हात, तशी भाच्याची जीभ. डोक्याला विचारायला ती थांबली नाही.

"काकू, तुम्ही इथं कशा?"

 मग गिरणीवाल्यानं, अंगावरचं पीठ झटकत, सावकाश विचारलं, "का रे भाच्या, ही कुठली काकू?"

 न्हाव्यानं वस्तरा मिटून खिशात घातला. "म्हणजे आपल्याला ह्यानं..." तो म्हणाला.

"मामा बनवलं," पेंटरीण म्हणाली. "पण मामीला नाही बनवता आलं."

पोलीस येईपर्यंत भाचा वरच होता. त्याच्या खोलीत कागदपत्रांचा गठ्ठा सापडला, त्यात पूर्णाचेही. त्यानं पत्ता दिला. चुन्याचा हौद डोळ्यांसमोर असला की माणूस पत्ता खरा देतो. नदीपलीकडची मुलगी आणखी काही मुलींबरोबर एका कुलूपबंद कारखान्यात सापडली. तिथं बाहुली एकही नव्हती. पोरगी घरी आली तेव्हा वाळून काडी झाली होती. पण आईला म्हणाली, "भूक लागलीय," आणि आईनं ते वाक्य पुढे आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

जनजागृतीचं काम बघणाऱ्या सरकारी बाई तपासणीला आल्या तेव्हा पेंटर कचेरीच्या बाकावर मान खाली घालून बसला, शेजारी पेंटरीण. वरून नंबर आला होता. बाईंनी भिंतीवरचा नंबर बघितला, कागदावरचा बघितला.

"हा कुणाचा?"

"माझा," पेंटर म्हणाला. "हाताची चूक आहे. पुसतो."

"आणि फोन कोण घेत होतं?"

"ही. तोंडाची सवय आहे."

बाई हसल्या. "आमचा वर घाला. हिचा खाली राहू द्या," त्या म्हणाल्या. "एकानं नाही उचलला तर दुसरा." तशा भिंती आजही आहेत. पेंटरीण शेळ्यांचे फोन अजून घेते.

पाऊसकाळ सरल्यावर एक गृहस्थ पेंटरकडे आला. बाजाराच्या गावातला, प्लास्टिकच्या मशीनचा मालक. कचेरीवरची अक्षरं त्यानं पाहिली होती. तसं वळण मशीनला जमत नाही, तेव्हा मुलगी कामाला येईल का, सकाळच्या बसनं येऊन संध्याकाळी घरी, असं विचारत होता. पूर्णा दारात उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत होती. या वेळी टॉवेल घडीवरच होता.

"कुठले तुम्ही? घर कुठं? कोण ओळखतं?" पेंटरिणीनं सुरू केलं. गृहस्थ घाम पुसत उत्तरं देत गेला. "आम्ही दोघं आधी बघून जाऊ," ती म्हणाली. तो म्हणाला, जरूर या. एकदाही त्यानं कुणाला मामा केलं नाही. 'पेंटर' आणि 'बाई' एवढ्यावर भागवलं.

मग तिनं चहा दिला. सोबत मुद्दाम बिस्किटं. गृहस्थानं बिस्किट बुडवलं. घरातल्या तिघांनी श्वास रोखला. बिस्किट तुटून कपात पडलं.

गृहस्थानं हळहळ न करता चमचा मागितला, बिस्किट बाहेर काढलं आणि खाल्लं.

पेंटरिणीनं सुस्कारा सोडला. आत जाताना ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "माणूस बरा दिसतोय. तरी शिडी जवळच असू द्या."